आईचं कपाट होतं तेव्हा...

मैत्रिणींनो, घटकाभर गंमत म्हणून एक कल्पना करून बघा. जग बुडालं. बाजार गेला, शाळा गेली, नळाचं पाणी गेलं, लाईट गेली. अख्ख्या देशात मोजून वीसेक माणसं उरली आणि नशिबानं त्यात तुमचं घर आहे. तुम्ही, यजमान आणि लग्नाची मुलगी. तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या घरात पहिलं वाक्य कोणतं ऐकू येईल? मला विचाराल तर, "अगं, चहा झाला का?"

हसलात ना? या हसण्यावरच एक अख्खा चित्रपट उभा आहे. नाव आहे 'द बेड सिटिंग रूम'. १९६९ सालचा इंग्रजी चित्रपट, दिग्दर्शक रिचर्ड लेस्टर. विज्ञानकथा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अवकाशयानं, रोबो आणि परग्रहावरचे हिरवे लोक येतात. घरातली पुरुष मंडळी आणि मुलं टीव्हीसमोर बसतात आणि आपण "काय ते धडाम्-धुडूम्!" म्हणत कणीक मळायला उठतो. या चित्रपटात यान नाही, रोबो नाही आणि कणीक मळायची राहून जाईल असं धडाम्-धुडूम् तर मुळीच नाही. महागडे सेट नाहीत, तांत्रिक करामती नाहीत. आहेत ती ओसाड माळरानं, फुटक्या कपबशांचे ढीग, मोडक्या गाड्या आणि फाटके पण इस्त्रीचा आव आणणारे कपडे घातलेली माणसं. आणि या सगळ्याच्या मधोमध आहे एक संसार.

नगरचा मुलगा

आता तुम्ही म्हणाल, लंडनच्या या जुन्या चित्रपटाचं आपल्याला काय? तर त्याचं एक मूळ चक्क आपल्या नगरला आहे. हा चित्रपट ज्या नाटकावरून निघाला, ते नाटक स्पाइक मिलिगन आणि जॉन अँट्रोबस या दोघांनी लिहिलं. त्यातला मिलिगन १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जन्मला. वडील ब्रिटिशांच्या इथल्या लष्करात होते. लहानपणाचा बराच काळ पुण्याच्या कॅम्पात आणि नंतर रंगूनला गेला. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला हे कुटुंब इंग्लंडला परतलं.

पुढे दुसऱ्या महायुद्धात मिलिगन तोफखान्यात होता. १९४४ साली इटलीत तोफगोळा जवळ फुटून तो जखमी झाला. पायाची जखम भरली, मनाची भरली नाही. आयुष्यभर त्याला मानसिक आजाराचे झटके येत राहिले, अनेकदा दवाखान्यात राहावं लागलं. आणि या माणसानं काय करावं? सगळ्या इंग्लंडला हसवावं! १९५१ ते १९६० या काळात बीबीसी रेडिओवर चाललेला 'द गून शो' बहुतांश त्याच्याच लेखणीतून उतरला. उलटसुलट, वेडगळ, कशाचा कशाला मेळ नाही असा विनोद. आपल्याकडे वगात राजाच्या दरबारात सोंगाड्या कसा काहीतरी अचाट बोलून जातो आणि दोन मिनिटांनी कळतं की अरेच्चा, हे तर आपल्यालाच बोलला, तसा.

त्याच्या आयुष्यातला एक किस्सा मला फार बोलका वाटतो. जन्म ब्रिटिश हिंदुस्थानात, वडील आयरिश. ब्रिटनसाठी लढला, जखमी झाला. पण १९६०च्या दशकात ब्रिटिश पासपोर्टचा प्रश्न आला तेव्हा नव्या नियमांत तो आपोआप बसेना. राजनिष्ठेची शपथ घ्या म्हणाले. ती घ्यायला त्यानं नकार दिला आणि तो आयर्लंडचा नागरिक झाला. ज्या देशासाठी मरता मरता वाचला, त्या देशाच्या कागदावर तो त्यांचा नव्हता! कागद आणि माणूस यांच्यातलं हे भांडण लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

अडीच मिनिटांचं युद्ध

नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आलं १९६२ साली, कँटरबरीला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि रशिया यांच्यात इतकी जुंपली की तेरा दिवस सगळं जग श्वास रोखून बसलं होतं. म्हणजे विनोद आधी झाला आणि त्याची प्रचिती नंतर आली. १९६३ मध्ये नाटक लंडनला गेलं आणि १९६८ च्या उन्हाळ्यात लेस्टरनं त्याचं चित्रण केलं, बरंचसं सरे परगण्यातल्या चॉबम कॉमन नावाच्या माळावर.

चित्रपटातलं अणुयुद्ध फक्त दोन मिनिटं अठ्ठावीस सेकंद चालतं. त्यात तहावर सह्या करणंही आलं! आपल्याकडे कुकरची एक शिट्टी व्हायला याहून जास्त वेळ लागतो. आणि गंमत म्हणजे उरलेली माणसं त्याला 'युद्ध' म्हणतच नाहीत. त्यांच्या लेखी तो एक 'अणुगैरसमज' होता. घरात मोठं काही घडलं की आपणही नाही का म्हणत, "जरा गैरसमज झाला होता, आता मिटलं सगळं"? तसंच.

या उजाड लंडनमध्ये भुयारी रेल्वेच्या डब्यात एक कुटुंब राहतं. आई, वडील आणि मुलगी पेनेलोपी. गाडी गोल फिरत राहते, कारण कुठेतरी एक माणूस सायकलचे पायडल मारून अख्ख्या देशाची वीज बनवतो आहे. खायला काय, तर फलाटावरच्या यंत्रांमधली चॉकलेटं. पेनेलोपी गरोदर आहे, तीही सतरा महिन्यांची! पलीकडच्या डब्यात तिचा प्रियकर ॲलन राहतो. शेवटी हे सगळे नर्सच्या शोधात जमिनीवर येतात. सरकता जिना त्यांना वर आणतो आणि उघड्या माळावर सोडून देतो. ना स्टेशन, ना रस्ता, ना गाव.

जमिनीवर तऱ्हेतऱ्हेची माणसं भेटतात. बीबीसीचा एक निवेदक आहे. अंगात समारंभाचा कोट, पण तो समोरून दिसेल तेवढाच शिल्लक. तो ज्याच्या-त्याच्या दारी जातो, रिकाम्या टीव्हीच्या खोक्यामागे बसतो आणि गंभीरपणे बातम्या वाचतो. दोन पोलीस आहेत, मोडक्या गाडीला फुगा बांधून हवेत तरंगतात आणि खालच्यांना दम देतात, "चला, चला, थांबू नका!" का, तर एका जागी थांबलात तर पुढच्या हल्ल्यात नेम धरायला सोपं जाईल. आणि एक आहेत लॉर्ड फॉर्टनम. हे बडे सरदार घाबरून डॉक्टरकडे जातात, कारण त्यांना वाटतंय की आपण हळूहळू खोलीत रूपांतरित होतो आहोत. बेड सिटिंग रूम म्हणजे लंडनमधली भाड्याची एकच खोली. तिथंच पलंग, तिथंच बैठक, कोपऱ्यात चहापुरती शेगडी. आपल्या चाळीतली दहा बाय दहाची खोलीच म्हणा. सर राल्फ रिचर्डसनसारखा थोर नट ही भूमिका करतो. आणि खरोखरच एके दिवशी लॉर्डसाहेबांची खोली होते!

बरं, खोली झाल्यावर तरी अहंकार जावा? छे. खोली झालेले लॉर्डसाहेब आतून सांगतात की खिडकीत पाटी लावा, काळ्या माणसांना खोली मिळणार नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये भाड्याच्या खोल्यांवर अशा पाट्या खरोखर लागत. आपल्याकडून तिकडे नोकरीला गेलेल्यांनीही त्या वाचल्या आहेत. कायद्यानं त्यावर बंदी आली ती १९६८ साली, म्हणजे हा चित्रपट तयार होत होता त्याच वर्षी. माणसाचं विटा-चुन्यात रूपांतर झालं तरी जात-रंगाचा ताठा काही जात नाही. आपल्याकडे 'फक्त शाकाहारींना' किंवा 'एकट्या बायकांना जागा मिळणार नाही' हे पाटीवर नसलं, तरी एजंटच्या तोंडून ऐकलेल्या मैत्रिणी मला माहीत आहेत.

जिवंत बाईचा मृत्यूचा दाखला

आता येते ती आई. हे काम केलंय मोना वॉशबोर्न या ज्येष्ठ अभिनेत्रीनं. 'माय फेअर लेडी'मध्ये प्राध्यापकांच्या घरची कारभारीण होती ना, तीच. ज्या नाटकावरून तो चित्रपट निघाला, त्याच नाटकावरून पु. लं.नी आपली 'ती फुलराणी' केली, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

तर या आईला नर्स गाठते. नर्स म्हणजे बाईच्या वेषातला बुवाच, मार्टी फेल्डमन. तो काय करतो? आईच्या हातात तिच्या मृत्यूचा दाखला ठेवतो! आई धडधडीत जिवंत, दोन पायांवर उभी. पण कागदावर मेलेली म्हणजे मेलेली. वाद कुणी घालायचा? आई फार कटकट करत नाही. बायका करत नाहीत. आणि मग थोड्या वेळानं आईचं कपाट होतं. हो, लाकडी कपाट.

चित्रपटगृहात इथे हशा पिकला असणार. मीही हसले. पण मग हसू कुठेतरी अडकलं.

कारण मला आठवल्या आमच्या ओळखीतल्या एक काकू. यजमान शिक्षक होते, ते गेल्यावर काकूंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. दरवर्षी नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला द्यायचा, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या घरातही कुणी आई, सासू, आत्या असेलच. एका वर्षी काकूंचा कागद कुठेतरी गहाळ झाला. तीन महिने पैसे आले नाहीत. काकू स्वतः खिडकीपाशी गेल्या. आतला मुलगा संगणकात बघून म्हणाला, "काकू, नोंदीत तुम्ही मयत दिसताय."

"अरे बाळा, मी तुझ्यासमोर उभी आहे ना?"

"हो काकू, ते दिसतंय मला. पण तसा दाखला आणा."

काकू घरी येऊन हा प्रसंग इतका रंगवून सांगतात की आम्ही पोट धरधरून हसतो. पण ते तीन महिने त्यांनी गॅसचा दुसरा सिलिंडर भरला नव्हता, हे त्यांनी फार नंतर एकदा सांगितलं. तेही सहज, भाजी निवडता निवडता.

२०१४ पासून केंद्र सरकारची 'जीवन प्रमाण' ही संगणकावरची सोय आली. अंगठा टेकवा, झालं. पण ज्या बायकांची उमर राखेनं भांडी घासण्यात आणि दगडावर धुणं बडवण्यात गेली, त्यांच्या अंगठ्यावर रेषा उरल्यात कुठे? यंत्राला अंगठा कळेना! पुढे चेहरा दाखवून ओळख पटवण्याची सोय निघाली, ते बरंच झालं. तिकडे उत्तर प्रदेशात आझमगडच्या लाल बिहारींना महसुली कागदांवर मृत ठरवलं होतं. जिवंत असल्याचं सिद्ध करायला त्यांना १९७५ पासून १९९४ पर्यंत झगडावं लागलं. त्यांनी नावापुढे 'मृतक' लावलं आणि तशाच लोकांचा संघ काढला. त्यांच्यावर निघालेला 'कागज' हा २०२१ चा हिंदी चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल. म्हणजे मिलिगन-अँट्रोबस यांची कल्पना वेडगळ वाटते खरी, पण ती आपल्या तालुक्याच्या कचेरीतही सहज घडू शकते.

आणि कपाट? ते तर मला विनोद वाटेनासंच झालं. सगळ्यांचं सगळं ज्यात सापडतं, जे एका जागी उभं असतं, ज्याला कुणी "तू कशी आहेस?" असं विचारत नाही आणि जे हलवलं तर मात्र सगळ्या घराची अडचण होते, त्याला काय म्हणतात? "आई, माझे मोजे?" "अगं, वीजबिल कुठंय?" "सूनबाई, माझ्या गोळ्या?" सांगा बरं, अणुबॉम्ब पडायची गरज आहे का?

लेकीचं लग्न आणि बंद दार

पेनेलोपीची तऱ्हा दुसरी. तिचं प्रेम ॲलनवर, पोटात त्याचंच बाळ. पण वडील तिचं लग्न ठरवतात कॅप्टन ब्यूल्स मार्टिन नावाच्या प्रौढ डॉक्टरशी. का? तर म्हणे त्याचं भवितव्य उज्ज्वल आहे! अहो, देशात वीस माणसं उरलीत, खायला दाणा नाही, उद्याची शाश्वती नाही आणि मुलाचं भवितव्य उज्ज्वल! रिटा टशिंगहॅमचे मोठाले डोळे इथे न बोलता बरंच सांगतात. आपल्याकडे २०२० च्या टाळेबंदीत पन्नास माणसांच्या मर्यादेत लग्नं उरकली गेली, आठवतंय? "खर्च वाचतोय, उरकून घेऊ" म्हणत शिक्षण अर्धवट सोडून बोहल्यावर उभ्या राहिलेल्या पोरी आपल्या आजूबाजूला होत्या. जग थांबलं होतं, स्थळं बघणं थांबलं नव्हतं.

याच वडिलांना पुढे पंतप्रधान केलं जातं, पायाच्या मापावरून! अर्थात सुख लाभत नाही, कारण त्यांचा हळूहळू पोपट होऊ लागतो. आता उपाशी माणसांच्या देशात पोपटाचं काय होणार, हे मी सांगत नाही.

पण सगळ्यांत अंगावर काटा आणणारा प्रसंग आहे हॅरी सीकोमचा. हा 'गून शो'मधला मिलिगनचा जुना सोबती. इथे तो भूमिगत निवाऱ्यात सुखरूप बसून वाचलेला सरकारी माणूस झालाय. तो दिवस काढतो जुन्या आठवणींवर. आणि आठवण कोणती? त्याची बायको आणि त्याची आई निवाऱ्याच्या दारावर आत घे म्हणून विनवत होत्या, तेव्हा त्यानं त्या दोघींना गोळ्या घातल्या ती! हे तो इतक्या हळव्या सुरात सांगतो की आधी हसू येतं आणि मग आपलीच आपल्याला लाज वाटते.

ही नुसती लेखकाची कल्पना नव्हती बरं का. १९६३ साली ब्रिटिश सरकारनं अणुहल्ल्यापासून घर कसं वाचवावं याची एक पुस्तिका काढली होती. खिडक्यांच्या काचांना पांढरा रंग द्या, आतली एक खोली निवाऱ्यासाठी तयार करा, चौदा दिवसांचं अन्नपाणी साठवा. त्याआधी १९५०च्या दशकात तिथल्या महिलांच्या स्वयंसेवी संघटनेनं दर पाच बायकांमागे एकीपर्यंत पोहोचायचं ठरवून हीच शिकवण द्यायला सुरुवात केली होती. म्हणजे बॉम्ब बनवायचे ते मंत्री आणि सेनापतींनी, तो पडल्यावर चौदा दिवसांचा शिधा आणि झाकण लावलेलं पाणी बघायचं ते गृहिणीनं! लोणच्याच्या बरण्या भरतो तसा प्रलयाचा बंदोबस्त.

सगळ्याच बायका मात्र शिधा भरत बसल्या नाहीत. १ नोव्हेंबर १९६१ रोजी अमेरिकेत हजारो गृहिणींनी 'आज घरकाम बंद' म्हणत शहराशहरांत मोर्चे काढले. पुढे होती डॅगमार विल्सन, मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढणारी एक आई. त्यांची तक्रार साधी होती, अणुचाचण्यांची किरणोत्सारी धूळ गवतावर पडते, गवत गाय खाते आणि ते विष आमच्या लेकरांच्या दुधात उतरतं. दुधाचा हिशोब आईइतका कुणाला कळणार? ऑगस्ट १९६३ मध्ये वातावरणात, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचण्यांना बंदी घालणारा करार झाला, त्यामागे या बायकांचाही रेटा होता. त्यांची धास्ती माहीत असली, की पेनेलोपीच्या सतरा महिन्यांच्या पोटाकडे बघताना नुसतं हसता येत नाही. तिच्या बाळाचं काय होतं, ते चित्रपटातच बघा.

मोलकरीण राणी

आणि आता सगळ्यांत गमतीची गोष्ट. राणी तर गेली. मग गादीवर कोण? वारसांची यादी चाळता चाळता शोध लागतो तो एथेल श्रोक नावाच्या बाईंचा. या बाई कोण? राणीकडे केरफरशी करणारी मोलकरीण! पत्ता, लेटनस्टोनच्या हाय स्ट्रीटवरचा घर नंबर ३९३ अ. डँडी निकोल्सनं ही भूमिका केली आहे. मग राष्ट्रगीताच्या चालीवर या एथेलबाईंचं नाव पत्त्यासकट गायलं जातं. सैन्याचे उरलेसुरले अधिकारी त्यांना सलाम ठोकतात.

हे बघताना मला आधी वाटलं, वा, काय न्याय झाला! उभं आयुष्य ज्यांचे महाल झाडले, त्यांचीच गादी मिळाली. पण नीट बघितलं तर कळतं, की एथेलबाईंना विचारलंय कोणी? त्यांना राणी व्हायचंय का, त्यांना काय बदलायचंय? जुन्या खुर्चीवर नवीन माणूस बसवला, बाकी सलाम तोच, गाणं तेच. आपल्याकडे राखीव जागेवर सरपंच झालेल्या कित्येक ताई सभेत खुर्चीवर आणि निर्णय 'सरपंचपतीं'च्या खिशात, असं चित्र काही ठिकाणी दिसतं. खुर्ची मिळणं आणि चार शब्द बोलायला मिळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खरं सांगायचं तर ही उणीव चित्रपटातही आहे. लिहिणारे, दिग्दर्शन करणारे सगळे पुरुष. आईचं कपाट झालं हे त्यांनी अचूक दाखवलं, पण कपाटाच्या आत काय चाललंय, याची त्यांना फारशी चौकशी नाही. पेनेलोपीला इकडून तिकडे नेलं जातं, ती आपणहून कुठे जाताना क्वचितच दिसते. कथा तुटक आहे, मधेच रेंगाळते. एका बैठकीत बघितलात तर "हे काय चाललंय?" असं दोन-तीनदा म्हणाल. म्हणूनही असेल, पण १९६९ मध्ये चित्रपट सपशेल पडला. बीटल्सचे गाजलेले चित्रपट करणाऱ्या लेस्टरला पुढची काही वर्षं चित्रपटच मिळाला नाही. १९७३ च्या 'द थ्री मस्केटियर्स'नं त्याचं बस्तान पुन्हा बसलं. आणि हा पडलेला चित्रपट मात्र हळूहळू जाणकारांचा लाडका झाला. २००९ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं तो नव्यानं डीव्हीडीवर आणला.

मिलिगन २००२ साली गेला. त्याच्या थडग्यावर त्याच्या इच्छेप्रमाणे एक ओळ आहे, "मी आजारी आहे, हे मी सांगितलं होतं ना!" अशा अर्थाची. चर्चच्या अधिकाऱ्यांना इंग्रजीत ती चालेना, म्हणून ती आयरिश भाषेत कोरली. मेल्यावरही कागदवाल्यांशी भांडण सुटलं नाही बिचाऱ्याचं! पण ती ओळ मला एखाद्या बाईचीच वाटते. घरातल्या किती बायका आयुष्यभर हेच सांगत असतात आणि कुणी मनावर घेत नाही.

या चित्रपटातली माणसं वाईट नाहीत हो. ती फक्त जुनंच सगळं पुन्हा मांडत बसली आहेत. जग नव्यानं मांडायची संधी हाताशी आहे आणि ती शोधतायत काय, तर पाटी, दाखला, मान आणि 'चांगलं स्थळ'. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर सांगली-कोल्हापूरकडच्या बायकांनी चिखलातून पहिल्यांदा बाहेर काढले ते कागद. रेशनकार्ड, मुलांच्या गुणपत्रिका, बँकेची पुस्तकं दोरीवर साड्यांशेजारी वाळत घातली. संसार पुन्हा उभा करायचा तर कागद लागतात, हे त्यांना बरोबर कळत होतं. पण त्या कागदांतल्या किती कागदांवर त्यांचं स्वतःचं नाव होतं?

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बाळांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावानंतर आधी आईचं नाव लिहायचं, असा नियम झाला आहे. छोटीच गोष्ट, पण चांगली. उरलेलं आपल्या हातात आहे. घराच्या उताऱ्यावर आपलं नाव आहे का? बँकेचं एक तरी खातं आपल्या सहीनं चालतं का? आजेसासूबाईंचा हयातीचा दाखला या नोव्हेंबरात कोण नेऊन देणार आहे? येत्या रविवारी दुपारी, सगळी पंगत उठल्यावर, जरा कपाट उघडा आणि बघा. आणि घरातून कुणी हाक मारलीच, "अगं, माझा रुमाल कुठाय?", तर बसल्या जागेवरून सांगा, "शोधा जरा, मी कामात आहे."